दुकानाच्या खिडकीतला मुलगा

“मान वर करा, नरहरपंत,” कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून सॅमसनबाबा म्हणाले.

माझ्या भावाने मान वर केली असावी. बाहेरून काही कळलं नाही. निळ्या सर्जच्या कापडाच्या कोटाची रुंद कॉलर त्याच्या कानांपर्यंत आली होती, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती, आणि गुडघ्यापर्यंत असायची ती विजार घोट्यापाशी गोळा झाली होती. वर गवताची टोपी घातल्यावर तर नरू संपलाच. खुर्चीवर कुणी कपडे वाळत टाकून विसरून गेलं आहे, असं दिसत होतं.

सॅमसनबाबा कापडाबाहेर आले. सॅमसनबाबा चिंचोलकर म्हणजे आमच्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. पलटणीतून पेन्शन घेऊन दापोलीत राहिलेले. एका साहेबाने विलायतेला परत जाताना आपला कॅमेरा त्यांना दिला होता आणि तेव्हाच्या दापोलीत तेवढा एकच कॅमेरा होता.

“आबासाहेब,” ते माझ्या आजोबांना म्हणाले, “फोटो मी काढतो. पण तो कपड्यांचा निघेल. मुलगा त्यात येईल असं वाटत नाही.”

आई दाराआडून म्हणाली, “मामंजी, मागून चार टाचण्या लावल्या तर?”

“चार टाचण्यांनी काय होतंय, सूनबाई?” आबा म्हणाले. “हा कोट अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या पोराचा आहे. ती पोरं लोणी खातात.”

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, वर्षभरापूर्वी अमेरिकेला गेले होते. फळं डब्यात बंद करून टिकवायची विद्या शिकायला. कोकणातला आंबा जगभर पाठवायचा, असं त्यांच्या मनात होतं. ते निघाले तेव्हा नरू चार वर्षांचा होता आणि हिवतापाने अंथरुणाला खिळला होता. दादांनी दोनदा सामान बांधलं आणि दोनदा सोडलं. शेवटी आबांनी शब्द दिला, मुलाची काळजी माझ्यावर, आणि मग ते गेले. त्यानंतर आबांच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असे: ‘चि. नरहर गुटगुटीत झाला आहे.’ नरूचा ताप गेला होता हे खरं, पण जाताना तो नरूलाही थोडाफार घेऊन गेला होता. मुलगा काडीसारखा होता. आबा खेडच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते. तिथे इतकी खोटी साक्ष ऐकली होती की एखादं वाक्य स्वतः लिहायला त्यांना जड गेलं नसावं.

दादा शिक्षणाचा खर्च भागवायला ओकलंड गावात एका दुकानात नोकरी करत. हॉलोवे नावाच्या विधवा बाईंचं ते दुकान फक्त मुलांच्या कपड्यांचं होतं. तिथूनच हा खलाशी पोशाख आला होता. पाठीवर चौकोनी कॉलर, तिच्यावर पांढऱ्या फितीच्या तीन रेघा, छातीवर रेशमी गाठ. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, ‘नरहरला हा घालून ताबडतोब फोटो पाठवावा. तो खरोखर सुधारला आहे हे डोळ्यांनी पाहीन तेव्हाच मला इथे स्वस्थ झोप लागेल. नाहीतर परत येईन म्हणतो.’

सॅमसनबाबांनी अंगणात इकडेतिकडे पाहिलं. मी पेरूच्या झाडाखाली उभी होते. नरूपेक्षा तीन वर्षांनी मोठी, आठ वर्षांची.

“ह्या पोरीच्या अंगाला बसेल,” ते म्हणाले.

“बसेल म्हणजे?” आबांनी विचारलं.

“कोट बसेल. पुढचं तुम्ही बघा. मी फक्त फोटो काढतो.”

माझं नाव ठकू. ते मला बारशाला ठेवलं होतं आणि तोपर्यंत मी कुणाला ठकवलं नव्हतं, हे इथे सांगून ठेवते.

आईने माझी वेणी डोक्यावर गुंडाळून टोपीत कोंबली. कोट बसला. नुसता बसला नाही, मापाने शिवल्यासारखा बसला. विजारीला दोन बाजूंना खिसे होते. परकराला खिसा नसतो, त्यामुळे आपले हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मुलींना जन्मभर पडतो. मी हात खिशात घातले आणि तो प्रश्न सुटला.

“हां,” सॅमसनबाबा म्हणाले, “असंच राहा.”

आबा म्हणाले, “एकदाच करायचं आहे. पुढच्या वर्षापर्यंत नरू भरेल.”

आई म्हणाली, “मला हे बरं दिसत नाही.” पण दादा शिक्षण अर्धं टाकून परत येणं तिला त्याहून बरं दिसत नव्हतं. खुर्चीवरून सुटका झालेला नरू तेवढा मनापासून खूश होता. तो लंगोटीवर पेरूच्या झाडावर चढला आणि तिथून आमची मजा बघत बसला.

फोटो गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आबांनी ते ओसरीवर मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला. दादांनी लिहिलं होतं, ‘फोटो पाहून डोळे भरून आले. मुलगा इतका भरला असेल असं वाटलं नव्हतं. पोशाख त्याला जेमतेम पुरतो आहे असं दिसतं, तेव्हा पुढच्या वर्षी दोन नंबर मोठा पाठवीन.’

आता सांगा, नरू भरून भरून किती भरणार? तो एक नंबर वाढायचा आणि अमेरिकेहून पोशाख दोन नंबर मोठा यायचा. सशाने कितीही पळावं तर कासव पुढेच.

दुसऱ्या वर्षी रशियन तऱ्हेचा आला. मांडीपर्यंत झग्यासारखा अंगरखा, कमरेच्या खाली सैल चामडी पट्टा आणि खाली फुगीर चोळणा. दादांनी लिहिलं, ‘खलाशी पोशाख आता अगदी लहान मुलांनाच घालतात. ही नवी तऱ्हा आहे. मुलांना ती फारशी आवडत नाही. म्हणतात, आम्ही मुलींसारखे दिसतो.’ आई ते ऐकून स्वयंपाकघरात निघून गेली. सॅमसनबाबा मात्र इतके हसले की त्या दिवशी त्यांच्या कॅमेऱ्यातल्या दोन काचा हलून वाया गेल्या.

तिसऱ्या वर्षी तऱ्हा पुन्हा बदलली. दोन रांगा बटणांचा आखूड कोट, गुडघ्यापर्यंत सरळ विजार आणि गळ्याला पुठ्ठ्यासारखी ताठ पांढरी कॉलर. ती लावल्यावर मान वळत नसे. उजवीकडे बघायचं तर सगळ्या अंगाने वळावं लागे. दादांनी लिहिलं, ‘दुकानात रोज एकच भांडण चालतं. आईला मुलगा लहान दिसायला हवा असतो आणि मुलाला मोठं दिसायचं असतं. मधे मी हातात मापाची फीत घेऊन उभा. मखमली कोट आणि जाळीची कॉलर बघितली की दहा वर्षांचा मुलगा रडायला लागतो, आणि लांब विजार बघितली की त्याची आई रडायला लागते.’

एकदा त्यांनी टोपी काढलेला फोटो मागितला. घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही. शेवटी आबांनी लिहिलं, ‘बोडक्या डोक्याने फोटो काढणे आपल्यात बरे दिसत नाही, हे तू परदेशी राहून विसरला असशील.’ त्यावर दादांनी माफी मागितली.

पण फोटोपेक्षा मोठी फसवणूक पत्रांची होती. दादा दर पत्रात नरूला एक हिशेबी कोडं घालत. एका पेटीत चोवीस डबे, एका डब्यात सहा आंबे, तीन झाडांचे आंबे भरायला किती पेट्या लागतील, अशा तऱ्हेचं. नरूला कोडं ऐकूनच जांभई यायची. मला आबांनीच वाचायला आणि आकडेमोड करायला शिकवलं होतं, दुपारचा वेळ जावा म्हणून. तेव्हा उत्तरं मीच लिहायची असं ठरलं. ‘ती. दादांस नरहरचा साष्टांग नमस्कार वि. वि.’ असं लिहून मी खाली उत्तर मांडायची आणि कधीकधी उलट एक कोडं त्यांनाच घालायची. एकदा मी विचारलं, डब्यातला आंबा दोन वर्षांनी उघडला तर त्याला आंबा म्हणायचं की डबा? त्यावर दादांनी चार पानं लिहिली. त्यांनी माझ्याशी, म्हणजे नरूशी, पुष्कळ गप्पा मारल्या. ठकूसाठी पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: ‘चि. ठकूस आशीर्वाद. आईला कामात मदत करावी.’

चौथ्या वर्षी आला तो नॉरफॉक कोट. करड्या लोकरीचा, छातीवर आणि पाठीवर उभ्या शिवलेल्या पट्ट्या, त्याच कापडाचा कमरपट्टा. आणि खाली निकरबॉकर, म्हणजे गुडघ्याखाली बकलाने आवळायची फुगीर विजार. ‘सरळ अर्ध्या विजारी आता कुणी विचारत नाही,’ दादांनी लिहिलं, ‘सगळ्या मुलांना हेच हवं.’ मला त्यांचं म्हणणं पटलं. त्या विजारीत धावता येत होतं, झाडावर चढता येत होतं, आणि चार खिसे होते.

त्या फोटोचं उत्तर लवकर आलं. ‘हॉलोवे बाईंना फोटो फार आवडला. त्यांनी तो मोठा करून दुकानाच्या खिडकीत लावला आहे. खाली लिहिलं आहे, आमचा पोशाख हिंदुस्थानापर्यंत पोचला. येणारीजाणारी माणसं थांबून बघतात. आया आपल्या मुलांना म्हणतात, बघ तो मुलगा कसा ताठ उभा आहे. नरहर, तुझ्यामुळे नॉरफॉक कोट संपत आले.’

आठ महिने मी ओकलंडच्या त्या खिडकीत उभी होते, आणि इकडे त्याच आठ महिन्यांत आबांनी माझं लग्न जमवलं.

मला बारावं सरत होतं. आम्हा कायस्थांत त्या काळी तेवढं वय म्हणजे उशीरच. महाडचे देशमुख, नावाजलेलं घर. मुलगा विसाव्या वर्षी मामलेदार कचेरीत लागलेला. पत्रिका जुळली होती. दादा परत आले की महाडकरांनी येऊन मुलगी रीतसर बघायची आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारावं असं काही त्यात आहे हे माहीत नव्हतं. पुढे सगळ्याच मुलींचं काय होतं ते माझं होणार होतं.

फेब्रुवारीत दादांची तार मुंबईहून आली. आम्ही बैलगाडीने हर्णैच्या बंदरावर गेलो. नरूला नॉरफॉक कोट घालायचाच, असं आबांनी ठरवलं होतं. आईने आत तिच्या जुन्या लुगड्याचे तुकडे भरले, खांद्यावर वेगळे आणि पोटावर वेगळे. तो चालायला लागला की पोट डावीकडे सरकायचं.

“हलू नकोस,” आई त्याला म्हणत होती. “दादांना नमस्कार करून झाला की मग हल.”

आगबोट लांब उभी राहिली. तिथून पडावात बसून माणसं किनाऱ्याकडे यायची. दादा पडावाच्या टोकाशी उभे होते. पाच वर्षांत केस विरळ झाले होते आणि मिशी गेली होती. त्यांनी लांबूनच आमच्याकडे टक लावली. मला वाटलं ते आईकडे बघत आहेत, म्हणून मी बाजूला सरकले.

ते वाळूत उतरले. आबांच्या पाया पडले. मग सरळ माझ्या दिशेने आले, माझ्यासमोर क्षणभर थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नरूकडे वळले.

“नरहर,” ते म्हणाले, “सतरा एकोणीस किती?”

नरूने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोट एव्हाना पाठीकडे निघालं होतं.

“प्रवासाने घाबरला आहे,” आबा म्हणाले.

“असेल,” दादा म्हणाले. “दापोलीहून हर्णै म्हणजे चांगलाच प्रवास आहे.”

घरी आल्यावर त्यांनी पेट्या उघडल्या. आईला मोत्यांची बांगडी, आबांना चष्म्याचं घर. आणि एका चौकटीत बसवलेला, दारभर उंचीचा माझा फोटो. हॉलोवे बाईंनी निरोपाची भेट म्हणून दिलेला. खिळा मागून घेऊन त्यांनी स्वतः तो ओसरीच्या भिंतीवर लावला. टोपी किंचित तिरकी, हात खिशात, ओठ घट्ट मिटलेले. खाली नरू बसला होता, लुगड्यातून मोकळा झालेला, हडकुळा. दादांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा नरूकडे, आणि म्हणाले, “बोटीच्या उन्हाने माझी नजर थोडी बिघडली आहे.”

पुढचे आठ दिवस आमच्या घरात कुणी सुखाने जेवलं नाही. रोज वाटायचं, आज विचारतील. ते विचारायचे नाहीत. सकाळी चहा पिताना म्हणायचे, “नरहर, जरा खिशात हात घालून उभा राहा बघू.” नरू उभा राहायचा. दादा मान हलवून म्हणायचे, “फोटोत वेगळा दिसतोस.” दुपारी म्हणायचे, “त्या आंबा आणि डब्याच्या कोड्याचं मी दिलेलं उत्तर तुला पटलं होतं का?” नरू म्हणायचा, “कुठलं कोडं?” आणि आबांना जोराचा खोकला यायचा.

तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, “मीच सांगून टाकते.”

आबा म्हणाले, “महाडकर येऊन जाऊ देत. आता कुठे वाच्यता नको. मुलगी विजार घालून फोटो काढते हे बाहेर गेलं तर सोयरीक मोडेल.”

मला दादांची कीव येत होती. आपण इतक्या हुशार माणसाला किती सहज फसवलं, असं वाटायचं. आणि एका गोष्टीचा रागही यायचा. इतकी वर्षं ज्याच्याशी ते पत्रांतून बोलत आले ती मी होते, आणि समोर बसले की ते मला म्हणायचे, “ठकू, जरा पाणी आण.”

महाडकर शुक्रवारी आले. मुलाचे वडील तात्यासाहेब देशमुख, त्यांचे धाकटे बंधू आणि एक भटजी. मला निऱ्या मुठीत धरायला लागेल एवढं लांब लुगडं नेसवून आणून बसवलं. तात्यासाहेब चांगले गृहस्थ होते. नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. वाचता येतं का, असंही विचारलं. आबा म्हणाले, “पोथीपुरतं.”

“तेवढं पुरे,” तात्यासाहेब म्हणाले.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. ओसरीवर बसणाऱ्याची जायचीच, इतका तो फोटो मोठा होता.

“हा कोण?” त्यांनी विचारलं. “मोठा तरतरीत मुलगा दिसतो.”

“आमचा नातू,” आबा लगेच म्हणाले. “मुलीचा धाकटा भाऊ.”

“वा. पाणीदार आहे. असा मुलगा हातात आला तर बॅरिस्टर करावा.” ते दादांकडे वळले. “नशीबवान आहात.”

दादा सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच हातात धरून म्हणाले, “मी पाच वर्षं इथे नव्हतो. त्यामुळे घरातल्या कुणाची मला नीट ओळख नाही. ठकू, तू सांग. हा कोण आहे?”

आई दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आबा माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्यांची नजर ओळखत होते, आणि त्या वेळी ती नजर विनवणी करत होती. नुसतं ‘नरू’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. इतकी वर्षं मी प्रत्येक पत्र त्याच्याच नावाने लिहीत आले होते.

मी भिंतीकडे बघितलं. तो मुलगा आबांना घाबरत नव्हता, महाडकरांनाही घाबरत नव्हता. मला एकदम त्याचा हेवा वाटला.

“मी आहे,” मी म्हणाले.

तात्यासाहेबांना नीट ऐकू आलं नसावं. “काय म्हणाली?”

“तो फोटो माझा आहे. कोट नरूला मोठा व्हायचा. म्हणून मी घालायची.”

धाकटे बंधू हसायला लागले, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबले. भटजींनी पंचांग मिटलं.

“म्हणजे,” तात्यासाहेब सावकाश म्हणाले, “ही मुलगी असल्या कपड्यांत परक्या माणसापुढे उभी राहिली?”

“एकाच माणसापुढे नाही,” दादा म्हणाले. “हा फोटो आठ महिने अमेरिकेत भर रस्त्यावर दुकानाच्या खिडकीत होता. लपवण्यात अर्थ नाही. ओकलंड गावात हिला सगळे ओळखतात.”

महाडकर वाईट माणसं नव्हती. त्यांनी चहा पुरा केला. तात्यासाहेबांनी जाताना आबांना सांगितलं की विचार करून कळवतो, आणि विचार काय होणार ते त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही. गाडी वळणाआड गेल्यावर आबा उठले, देवघरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी मागच्या अंगणात जाऊन बसले. आपण आबांचं नाक कापलं, एवढंच कळत होतं. थोड्या वेळाने दादा आले आणि शेजारी दगडावर बसले.

“रडतेस का?”

“नाही.”

“मग ठीक आहे. कारण मला काय बोलावं सुचत नाहीये. पत्रात बरं होतं, पुसून पुन्हा लिहिता यायचं.”

मी म्हणाले, “दादा, आम्ही तुम्हाला फसवलं.”

“हो. पाच वर्षं. बंदर दिसेपर्यंत मला शंका आली नाही.”

“आणि मग? नरूला बघून?”

“नरू मला दिसलाच नाही,” ते म्हणाले. “तुझा फोटो माझ्या खाटेसमोर असायचा. परीक्षेत नापास झालो त्या दिवशी समोर होता, ताप आला तेव्हा होता. पडाव किनाऱ्याला लागायच्या आधीच मी तुला ओळखलं. आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? म्हटलं, ह्या लोकांनी माझ्या मुलाला परकर का नेसवला आहे?”

मला हसू आलं आणि त्यामागोमाग जे नव्हतं यायचं तेही आलं. दादा दुसरीकडे बघत राहिले.

“मग आठ दिवस का विचारलं नाहीत?” मी विचारलं.

“पहिले दोन दिवस रागावलो होतो. वाटलं, शिजू देत जरा सगळ्यांना. पण मग खरंच भीती वाटायला लागली. तुला विचारलं असतं तर तू आईला सांभाळायला खोटं बोलली असतीस, आणि मला वाटलं असतं, त्या पत्रांतलंही सगळं तसंच असेल. आज मात्र राहवलं नाही.” ते थांबले. “सोयरीक मोडायची असं मी ठरवलं नव्हतं. हे तुला खरं वाटलं पाहिजे. तू ‘नरू’ म्हणाली असतीस तर मी सुपारी फोडली असती.”

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते.

त्यांच्या कारखान्याचं पुढे काय झालं ते दापोलीत अजून सांगतात. पहिल्याच पावसाळ्यात डबे फुगले आणि श्रावणात एकामागून एक फुटले. शेजाऱ्यांना वाटलं कुठे लग्नाची आतषबाजी आहे. मग त्यांनी पुण्यात लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान काढलं आणि ते छान चाललं. शिकायला गेले एक विद्या आणि पदरात पडली दुसरीच. नरू पंधराव्या वर्षी अचानक वाढायला लागला तो सहा फुटांवर थांबला. त्याच्या मापाचा कोट दादांच्या दुकानात कधीच मिळाला नाही.

पण त्या उन्हाळ्यात हे काही झालं नव्हतं. आबा तीन महिने दादांशी बोलले नाहीत, माझ्याशी तर नाहीच. मेच्या अखेरीस, बोटी बंद व्हायच्या आत, दादा मला पुण्याला मुलींच्या शाळेत घालायला निघाले. गाडी जुंपली, आईने डोळे पुसले. तेवढ्यात आबा पागोटं बांधून बाहेर आले आणि कुणाला न विचारता गाडीत चढून बसले.

“तुम्ही कुठे?” दादांनी विचारलं.

“हिला आकडेमोड मी शिकवली आहे,” आबा बैलांकडे बघत म्हणाले. “तिथे कोण शिकवतं ते बघून येतो.”

शाळेत मुख्य बाईंसमोर आम्ही तिघं बसलो. बाई वही उघडून माझी माहिती लिहून घेत होत्या. पहिलीच ओळ, नाव. मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

“वय?” बाईंनी विचारलं. “बाराच्या आतल्या मुली आम्ही खालच्या वर्गात घेतो. तिथे जागा आहे. वरच्या वर्गाला परीक्षा द्यावी लागेल.”

“अकरा,” आबा म्हणाले.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.

“बारा पूर्ण,” ते म्हणाले. “तेरावं लागलं आहे. तसंच लिहा. आणि परीक्षा आजच घ्या, आम्ही इथेच बसतो.”